गलबतावरचे शिपाई

वाचकहो, उर्से गावाला लोहगड काही परका नाही. १७१३ साली तो कान्होजी आंग्र्यांनी घेतला, चालून आलेल्या बहिरोपंत पेशव्यांनाच कैद केले. १७१४ साली बाळाजी विश्वनाथांनी समेट घडवला. दर्यावरच्या या सरखेलाचे बळ नुसत्या जहाजांत नव्हते, जहाजांवरच्या माणसांत होते.

जुन्या मंडळींनी मोट आठवावी. मोट हाकणारा बैलांपाशी, दारे धरणारा वाफ्यापाशी. एकटा दोन्ही करू गेला तर पाणी फुकट जाते. जहाजाचेही तसेच. खलाशाचे हात शिडाच्या दोरात नाहीतर वल्ह्यात गुंतलेले. मग तलवार धरायची कुणी? त्यासाठी शिपाई वेगळे.

आंग्र्यांच्या दोन-तीन डोलकाठ्यांच्या गुराबा शत्रूच्या मागून येत आणि त्याच्या डोलकाठ्यांवर तोफा डागीत. जहाज लंगडे झाले की वल्ह्यांची गलबते चहूकडून भिडत आणि शिपाई समशेरी घेऊन वर चढत.

इंग्रजांनी १६६४ साली अशा कामासाठी निराळी पलटणच उभी केली. पुढे तिच्यावर आणखी एक काम आले. कप्तानाला त्याच्याच खलाशांपासून जपायचे! कारण पुष्कळसे खलाशी जबरीने धरून आणलेले असत.

गडावरच्या शिपायाला माघारी यायला वाट तरी असते. गलबतावरच्याच्या पाठीशी पाणीच. मुलांना लोहगड दाखवाल, तेव्हा या शिपायांचीही गोष्ट सांगा.