चित्रीकरणाची पेटी महासंघाने ठेवावी

नोव्हेंबर १९९३ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर हीरो चषकाचा उपांत्य सामना झाला. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या, चेंडू सचिन तेंडुलकरच्या हाती गेला आणि भारत जिंकला. ते षटक लोक अजून रंगवून सांगतात. पण त्याच स्पर्धेच्या चित्रीकरणासाठी आणलेले सामान काही दिवस आधी मुंबईच्या कस्टममध्ये अडकून पडले होते आणि ते सोडवायला सर्वोच्च न्यायालयाला हुकूम काढावा लागला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही. बंगालच्या क्रिकेट संघटनेने चित्रीकरणाचे काम एका परदेशी कंपनीला दिले होते. कंपनीने स्पर्धेपुरते कॅमेरे आणि प्रक्षेपणाचे सामान आणले. सरकारने १८८५ च्या तार कायद्याकडे बोट दाखवले. खटला कोलकात्याहून दिल्लीला गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी त्याचा निकाल लागला.

त्या निकालात न्या. पी. बी. सावंत यांनी, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातून गेलेल्या न्यायमूर्तींनी, लिहिले की हवेतील प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा वापर लोकहितासाठी व्हावा, तिच्यावर सरकारची वा धनिकांची मक्तेदारी असू नये आणि समाजाच्या सर्व घटकांचे प्रतिनिधित्व असलेली स्वायत्त संस्था तिचे नियंत्रण करील, असा तो निर्णय होता. कामगार चळवळीने हा निकाल डोक्यावर घ्यायला हवा होता. आपण तो क्रिकेटचा खटला समजून सोडून दिला.

पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. क्रिकेटच्या कॅमेऱ्यांना रस्ता मोकळा झाला, वाहिन्यांचे पीक आले आणि परवान्याची किल्ली मंत्रालयाच्याच खिशात राहिली. सामुदायिक रेडिओचे दार सरकारने २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना उघडले. २००६ च्या त्या धोरणात कोणाला परवाना मिळणार नाही त्यांची यादी आहे. तीत राजकीय पक्ष आहेत, त्यांच्या विद्यार्थी व महिला आघाड्या आहेत आणि पक्षांशी संलग्न कामगार संघटनाही नाव घेऊन घातल्या आहेत. सामुदायिक दूरचित्रवाणीसाठी तर आपल्या देशात परवान्याची व्यवस्थाच नाही. उपग्रह वाहिनी काढायची तर कंपनी हवी आणि तिच्याजवळ कोट्यवधींची मालमत्ता हवी. सार्वजनिक मालमत्तेच्या वाटणीत कामगाराच्या वाट्याला हे असे आले.

एक वाट होती, गल्लीतल्या केबलवाल्याची. नव्वदीच्या दशकात कोलकात्याच्या पाड्यापाड्यांत, तसेच आपल्याकडे गिरणगावात आणि पिंपरी-चिंचवडला, केबलवाल्याशी ओळख असली की वस्तीतला कार्यक्रम संध्याकाळी घराघरांत दिसत असे. दुर्गापूजा दिसे, गणपती दिसे, नळाच्या पाण्यावरची सभाही दिसे. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मुदतीने दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत डिजिटल पेटी सक्तीची झाली. गल्लीतला केबलवाला मोठ्या कंपनीचा वसुली कारकून बनला आणि ती वाटही बुजली.

आता राहिले आहे इंटरनेट, आणि सभागृहाच्या भिंतीवर टांगलेला पांढरा पडदा. या दोन्हींसाठी परवाना लागत नाही. सामान मात्र लागते, आणि सामानाच्या बाबतीत आपल्या संघटना आजही लग्नाच्या व्हिडिओवाल्याच्या दयेवर आहेत.

यावर कार्यकर्ते म्हणतात, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, आणखी काय पाहिजे? मोबाइलने पुष्कळ केले, हे मान्य. पण एका मोबाइलने काढलेली सभा म्हणजे काय असते? व्यासपीठावर पुढारी दीड तास बोलतो आणि कॅमेरा दीड तास त्याच्याच तोंडाकडे पाहतो. सभागृहात कोण होते, कोणी काय विचारले, उत्तर ऐकताना लोकांचे चेहरे कसे होते, यातले काही दिसत नाही. एकच कॅमेरा असला की तो आपोआप पुढाऱ्याचा होतो. किमान तीन असले तर एक व्यासपीठावर, एक सभागृहावर आणि एक प्रश्न विचारणाऱ्याजवळ राहू शकतो. तिघांची चित्रे एका स्विचरवर येतात आणि कोणते दाखवायचे ते स्विचरवर बसलेला माणूस बटण दाबून ठरवतो. सभेला दोन बाजू असतात हे अशाच चित्रात दिसते. माझ्या मते हा यंत्राचा प्रश्न नसून संघटनेतल्या लोकशाहीचा आहे.

कोलकात्यातल्या एका प्रतिनिधी सभेत मी हे स्वतः पाहिले. तीन ठिकाणांहून तीन कॅमेरे उसने आणले होते. एक सेकंदाला २५ चित्रे घेणारा, दुसरा ३० वर लावलेला. स्विचरला दोघांचे जुळेना. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ३० वाल्याच्या चित्रात ट्यूबलाइटचे काळे पट्टे सरकत होते. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून आवाज घेतला, तर त्यात घूं घूं, कारण त्याचा प्लग एका फेजवर आणि आमचा दुसऱ्या. तिसऱ्या कॅमेऱ्याची केबल मधल्या रांगेपर्यंतच पोचली. मागच्या रांगेतून तागाच्या गिरणीतल्या एका निवृत्त बाई उठल्या आणि थकलेल्या ग्रॅच्युइटीबद्दल सविस्तर बोलल्या. किती वर्षे नोकरी, किती रक्कम, कोणी काय कबूल केले होते, सगळे तारखांसह. चित्रफितीत त्या बाई नाहीत. व्यासपीठावरचे पुढारी मान डोलावताना दिसतात आणि मग म्हणतात, ‘‘तुमचे काम होईल.’’ कोणाचे काम आणि कोणते, हे ती फीत पाहून कोणालाही सांगता येणार नाही.

केबल अवघी पंधरावीस हात कमी होती. एचडीएमआय केबल साधारण दहा-पंधरा मीटरपुढे भरवशाची राहत नाही, तर एसडीआय केबल शंभर मीटरच्या आसपासपर्यंत चित्र नेते. एवढे ठाऊक असलेला एक माणूस तिथे असता आणि तशी केबल पेटीत असती, तर बाईंची साक्ष राहिली असती. सामान उसने होते याला माझी हरकत नाही. उसने सामान तीन घरचे होते, ते कधी एकत्र जोडून पाहिलेले नव्हते आणि त्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती, हा दोष.

उसनवारीच्या व्यवस्थेवर जगात बरेच काम झालेले आहे. अमेरिकेत केबल कंपन्यांना शहराचे रस्ते खणायला परवानगी हवी असे, तेव्हा अनेक नगरपालिकांनी तिच्या बदल्यात नागरिकांसाठी वाहिनी आणि सामान मागून घेतले. १९८४ च्या केबल कायद्याने तशी अट घालायला मुभा दिली. या केंद्रांचा शिरस्ता साधा आहे. आधी शिका, मग कॅमेरा घेऊन जा आणि ठरल्या दिवशी परत आणा. आपल्याकडे १९८४ मध्येच अहमदाबादच्या सेवा या स्त्री कामगारांच्या संघटनेने व्हिडिओ सेवा सुरू केली. अक्षरओळख नसलेल्या, बाजारात भाजी विकणाऱ्या बाया कॅमेरा आणि संकलन शिकल्या. आपले पुढारी ‘‘तंत्रज्ञ कोठून आणायचे?’’ म्हणतात, तेव्हा मला त्या भाजीवाल्या आठवतात. खुद्द कोलकात्यात फादर गॅस्तों रोबेर्ज यांनी १९७० मध्ये चित्रबाणी स्थापली, सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९८६ पासून शैक्षणिक माध्यमांचे केंद्र उभे राहिले. चित्रपट आणि दूरचित्रवाणी सामान्यांना शिकवता येते हे त्या शहराला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे.

म्हणून माझी सूचना अशी की महासंघाने पहिली पेटी कोलकात्याला ठेवावी आणि दुसरी मुंबईला. कोलकात्याला अगोदर, कारण हुगळीच्या दोन्ही तीरांवरच्या ताग गिरण्यांत बंगाली, हिंदी, उडिया, तेलुगू बोलणारे कामगार एका खात्यात काम करतात, आणि तिथे छापील पत्रकापेक्षा चित्र लवकर पोचते. पेटीत एकाच जातीचे तीन कॅमेरे, तीन भक्कम ट्रायपॉड, एक स्विचर, लांब केबली, दोन कॉलर माइक आणि एक हातातला, छोटा ऑडिओ मिक्सर, कॅमेरावाल्यांशी बोलायचे हेडफोन आणि एक यूपीएस असावा. यूपीएसवर पैसे वाचवू नयेत. वीज गेली तर कॅमेरे बॅटरीवर चालत राहतात, स्विचर मात्र डोळे मिटतो. बंगालच्या आणि कोकणच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या पेटीत हव्यात आणि त्या बदलणारा माणूसही हवा. लहान स्विचर आता बऱ्या मोबाइलच्या किमतीत येतो. एका अधिवेशनाच्या कमानी-फलकांवर आपण जे उधळतो, त्यात पेटीचा बराच भाग निघेल. (कमानीवर कोणाची छायाचित्रे असतात, ते सांगायला नको.)

पेटी पुढाऱ्याच्या घरी जाऊन बसेल, ही शंका रास्त आहे. संघटनेची जीप कोठे उभी असते ते आपण पाहतोच. त्यासाठी नोंदवही कार्यालयात उघडी असावी, आणि ज्या युनियनचे चार सभासद तीन दिवसांच्या शिबिरात शिकून गेले आहेत त्याच युनियनला पेटी मिळावी. चारांत दोन स्त्रिया असाव्यात. सभेच्या आदल्या दिवशी, त्याच सभागृहात, सगळे जोडून पाहिल्याशिवाय सभा चित्रित करू नये. तिन्ही कॅमेरे २५ वर आहेत ना, एका पांढऱ्या कागदावर तिघांचा रंग सारखा दिसतो ना, आवाज स्वच्छ येतो ना, हे तेव्हाच कळते. प्रत्येक कॅमेऱ्याच्या कार्डावरही वेगळे चित्रण चालू ठेवावे, म्हणजे स्विचरवरच्या माणसाने चुकून पुढारीच दाखवला तरी प्रश्न विचारणारा हातचा जात नाही.

आणखी एका गोष्टीचा विचार आपण मुळीच केलेला नाही. कंत्राटी आणि बदली कामगाराचा चेहरा चित्रात स्पष्ट आला, की दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचे कार्ड थांबते. सभागृहावरचा कॅमेरा कोठून लावायचा, कोणाला पाठमोरे घ्यायचे, कोणते चित्र थेट दाखवायचे आणि कोणते कपाटात ठेवायचे, हे कॅमेरावाल्याने एकट्याने ठरवायचे नाही. ते सभेआधी त्या कामगारांना विचारून ठरवावे.

१९८२ सालच्या जानेवारीत मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. त्या संपाचे आपल्या स्वतःच्या कॅमेऱ्याने घेतलेले किती चित्रण आपल्याजवळ आहे, ते प्रत्येक जिल्हा कार्यालयाने एकदा कपाट उघडून पाहावे. सापडेल ते महासंघाला कळवावे, म्हणजे पेटीबरोबर जुन्या फिती उतरवून घ्यायचे यंत्रही घ्यावे की नाही, ते पुढच्या कार्यकारिणीला ठरवता येईल.