शिवेवरची पवनचक्की

महसूल खात्याच्या चाकरींत आम्हांस एक संवय जडली. शेतांत उभी असलेली कोणतीही जुनी वस्तु दिसली कीं ती वापरांत आहे किंवा नाहीं, एवढेंच पाहून नोंद करावयाची. बंद पडलेल्या विहिरी, मोडकीं थारोळीं, खचलेल्या धावा यांपैकीं किती दुसऱ्या सदरांत आम्हीं घातल्या याची गणती नाहीं. परंतु पिटस्टोन येथील पवनचक्कीची हकीकत वाचल्यापासून त्या नोंदींविषयीं आमचें मन साशंक झालें आहे.

पिटस्टोन हें इंग्लंडांतील बकिंगहॅमशायर परगण्यांतलें खेडें. शेजारच्या आयव्हिंगहो गांवाची शीव जेथें लागते, तेथें एका मोठ्या शेताच्या कोपऱ्यांत ही लांकडी चक्की उभी आहे. तिच्या सांगाड्यावर १६२७ हा सन कोरलेला आहे. आडव्या तुळयांवर उभा केलेला एक जाडजूड खांब, आणि त्या एका खांबावर जात्यांसकट तोललेलें सबंध चक्कीघर, अशी तिची रचना. वारा फिरला कीं चक्कीवाल्यानें मागें निघालेली लांब दांडी ढकलून सगळें घरच फिरवावयाचें व पंखांचें तोंड वाऱ्याकडे करावयाचें. उफणणीच्या वेळीं वाऱ्याची वाट पाहत तिवड्यावर ताटकळलेल्या शेतकऱ्यास त्या मनुष्याची स्थिति सांगावयास नको.

१८७४ सालीं ही चक्की ॲशरिज येथील जमीनदार अर्ल ब्राउनलो यांनीं विकत घेऊन तेथीलच एका शेतकऱ्यास खंडानें दिली. १९०२ च्या आरंभीं मोठें वादळ होऊन तिची अशी मोडतोड झाली कीं दुरुस्तीचा खर्च परवडेना. तोंवर बंदरोबंदरीं वाफेच्या गिरण्यांत परदेशी गव्हाचें स्वस्त पीठ निघूं लागलें होतें. मग वाऱ्याच्या चक्कीवर पैसा कोण घालणार? ती तशीच पडून राहिली.

पुढें १९२२ च्या सुमारास जवळच जमीन असलेल्या एका शेतकऱ्यानें ही मोडकी चक्की विकत घेतली, आणि १९३७ सालीं जुन्या वास्तु जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेस ती देऊन टाकली. तरीही दुरुस्तीस कोणी लवकर हात घातला नाहीं. १९६३ सालीं कांहीं हौशी मंडळींनीं पदरमोड करून काम आरंभिलें, आणि १९७० सालीं, म्हणजे अडुसष्ट वर्षांनीं, तिनें पुन्हां धान्य दळलें. आमच्या मतें यांत खरें श्रेय त्या विकत घेणाऱ्या शेतकऱ्याचें. त्यानें लांकूड फोडून सरपणास नेलें असतें, तर त्या मंडळींनीं दुरुस्त तरी काय केलें असतें?

आतां कोणी म्हणेल, हे संपन्न देशाचे चोचले आहेत; बैलांस वैरण मिळत नाहीं तेथें मोटेचें कौतुक कशास? शंका रास्त आहे. बंद थारोळ्याचा घडीव दगड बांधास किंवा गोठ्यास उपयोगी पडतो, हें आम्हीही जाणतों. सगळ्या विहिरी राखाव्या असें आमचें म्हणणें नाहीं. पण तालुक्यांत एक तरी विहीर धाव, थारोळें, चाक व कणा यांसह शाबूत राहावी, आणि चामड्याची मोट शिवणें ज्यांस अद्याप येतें त्यांचे हातून एक मोट करवून घ्यावी, एवढें आपल्यासारख्या शेतकरी संघास अशक्य नाहीं. सरकारकडे अर्ज करण्याचे भरीस पडूं नये. अर्जांचें काय होतें हें आम्हीं जवळून पाहिलें आहे.

खरी अडचण हिश्शांची आहे. विहीर सामाईक, कोणाचा चार आणे, कोणाचा दोन आणे. पाण्याची पाळी होती तोंवर एकमेकांवर नजर असे. पाळी संपतांच जो तो आपल्या हिश्शाचे दगड मोजूं लागतो. यासाठीं सर्व हिस्सेदारांची लेखी संमति आधीं घ्यावी व देखरेख संघाकडे सोंपवावी.

आमच्या स्वतःच्या विहिरींत आमचा चार आणे हिस्सा आहे. दोघां भाऊबंदांनीं संमति दिली. तिसऱ्यास थारोळ्याचा दगड गोठ्यासाठीं हवा आहे, म्हणून तितका दगड खाणीवरून आणवून देण्याचें आम्हीं कबूल केलें आहे. त्याचें उत्तर अद्याप यावयाचें आहे.