‘विषय द्या ना, सर!’

पीएच.डी.च्या प्रवेशांचे वारे वाहू लागले, की आमच्याकडे एम.ए. झालेल्या मुलामुलींची ये-जा सुरू होते. विचारणा ठरलेली : कोणते सर घेतील, आणि विषय तेच देतील ना? विषय ही मागून आणायची वस्तू आहे, हा समज या मुलांना कोणी दिला? आम्हीच. ‘अमुक यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण : एक अभ्यास’ या साच्यात नाव तेवढे बदलून विषय वाटणारे आमच्यातलेच, आणि त्याबद्दल शाल-श्रीफळ घेणारेही आमच्यातलेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. जागा थोड्या, तेव्हा मर्जी सांभाळावीच लागते, असे आमचे सहकारी मुलांना खासगीत सांगतात. हा सल्ला आम्हाला घातक वाटतो. मर्जीवर मिळालेली जागा पुढची सहा वर्षे मर्जीवरच टिकवावी लागते. मग सरांच्या उत्तरपत्रिका तपासा, त्यांच्या चर्चासत्राच्या खुर्च्या मांडा, आणि प्रबंधाचे प्रकरण मात्र टेबलावर धूळ खात पडू द्या.

कुणाकडे जाण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर वाचावेत. सरांची पुस्तके नव्हेत, विद्यार्थ्यांचे प्रबंध. चार प्रबंधांची संदर्भसूची एकाच क्रमाने एकसारखी आढळली, तर पाचवा तुमचा असेल. (ऋणनिर्देशही वाचावा, मराठीतले अतिशयोक्त गद्य तिथे आजही जोमात आहे.) मग शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची ‘मराठी ग्रंथसूची’ चाळावी, म्हणजे आपण किती थोड्या पुस्तकांभोवती फिरत आलो ते कळते. आणि जाताना हारतुरे नकोत, स्वतः लिहिलेली चार पाने न्यावीत : काय वाचले, काय खटकले, त्याचा पुरावा कुठे मिळेल.

आमच्या एका विद्यार्थिनीने असेच केले. तिच्या गावच्या वाचनालयाच्या माळ्यावर देवघेवीच्या जुन्या नोंदवह्या पडून होत्या. कोणती कादंबरी कितीदा नेली गेली, कोणती कधीच नेली गेली नाही, हे तिने वहीत उतरवले आणि विचारले : आपल्या वाङ्मयेतिहासात ज्यांची नावे नाहीत, त्याच कादंबऱ्या इथे सर्वांत जास्त का वाचल्या गेल्या? पहिल्या मार्गदर्शकांनी पाने न उलटताच सांगितले, ‘यात साहित्य कुठे आहे? ग्रामीण कादंबरी घ्या, माझ्याकडे विषय तयार आहे.’ घरचे म्हणाले, मिळतेय तर घे. खरे सांगायचे तर आमच्यापैकीही एकाने तिला तेच सुचवले होते. तिने वर्ष जाऊ दिले. दुसऱ्या विद्यापीठातल्या बाईंनी ती पाने वाचली आणि एवढेच विचारले, ‘नोंदवह्या अजून माळ्यावरच आहेत का? आधी खाली काढा, वाळवी लागेल.’