काजळीचा भुर्दंड कोणावर?

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि नव्या डिझेल ट्रकच्या धूरनळीत काजळी अडविणारा फिल्टर आला. साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळावी लागते. हमरस्त्यावर सलग धावणाऱ्या ट्रकमध्ये हे काम बहुधा आपोआप उरकते. न्हावा-शेवासारख्या बंदराबाहेर रांगेत खोळंबणाऱ्या ट्रकचा धूर मात्र पुरेसा तापतच नाही. मग हे ज्वलन वारंवार सुरू होते, अर्धवट राहते, आणि अखेर गाडी उभी करून निव्वळ काजळीपायी डिझेल जाळण्याची पाळी येते. दोष चालकाचा म्हणावा, तर रांग काही त्याने लावलेली नसते! हवा सर्वांची शुद्ध होते, व ती व्हावयासच हवी. भुर्दंड मात्र कर्जाच्या हप्त्यांनी वाकलेला एका ट्रकचा मालक भरतो. बंदरावरील खोळंबा हटविणे हा प्रदूषण-नियंत्रणाचाच खर्च मानून तो शासनाने उचलावयास हवा.