भाजी पगारातही हवी, परसातही

सातव्या वेतन आयोगाने २०१५ च्या अहवालात किमान वेतनाचा हिशेब मांडताना डॉ. ऐक्रॉइड यांचे सूत्र धरले. त्यात दर उपभोग-एककामागे रोज १२५ ग्रॅम पालेभाजी आहे. कुटुंबाची तीन उपभोग-एकके धरली, म्हणजे घरात रोज पावणेचारशे ग्रॅम. ही भाजी कोणत्या पाण्यावर वाढलेली असावी, याबद्दल मात्र हिशेब गप्प आहे.

मुंबईच्या लोकलच्या खिडकीतून याचे उत्तर अनेक वर्षे दिसत आले. रुळांलगत पालक-माठाचे वाफे आणि शेजारी काळा नाला. ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली रेल्वेने रिकामी जमीन मुख्यतः खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांना परवान्यावर दिली. अतिक्रमण होऊ नये, हा प्रशासनाचा त्यातला खरा हेतू. योजना मुळात वाईट नव्हती. पण अनेक ठिकाणी जमीन मिळाली, स्वच्छ पाणी मिळाले नाही, आणि पंप नाल्यावर बसला. अशा पाण्यातून येणारे जड धातू पालेभाजी पानांत साठवते. ते धुऊन जात नाहीत.

म्हणून पिकवणेच बंद करावे, असे काही जण म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. बदलायची आहे ती पद्धत.

कोकणात मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावण्याची रीत जुनी आहे. घरातून बाहेर पडणारे पाणी, पाला, शेण यांतले काही वाया न घालवता निसर्गालाच कामाला लावायचे, या विचाराला ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली ‘पर्माकल्चर’ हे नाव दिले. आपल्या आजीचे त्या नावावाचून काही अडले नव्हते!

कामगारांच्या ओळखीचे उदाहरण मुंबई बंदरातले आहे. तेव्हाच्या पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांचे जेवण बनत असे. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघराचा कचरा त्याच इमारतीच्या गच्चीवर जिरवायला सुरुवात केली. त्या कचऱ्याची माती झाली आणि गच्चीवर भाज्या-फळझाडे उभी राहिली. श्री. अ. दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने महाराष्ट्रात रुजवलेला विचार हाच.

करायचे फार नाही. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, मूठभर काळा गूळ, दहा लिटर पाणी. रोज ढवळून तीन दिवस ठेवावे. चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून त्यात वाळलेला पाला भिजवावा आणि थोड्या मातीबरोबर त्याचे थर रचावेत. वाफ्यावर पाल्याचे आच्छादन ठेवले की ऊन मातीला लागत नाही, पाणी कमी लागते, गांडुळे येतात. मधून चवळी-मूग लावले तर मुळांच्या गाठी नत्र पुरवतात. आणि आपल्या वसाहतींत काय होते? चिंच-गुलमोहराचा पाला झाडून पेटवला जातो!

रुळांलगतची पट्टी सोडा, ती धोक्याची आहे. वसाहतीतील क्वार्टरांमागची जागा, गच्च्या, टपाल कार्यालयांची आवारे यांचा विचार व्हावा. २००५ च्या कायदादुरुस्तीने रेल्वे जमीन विकास प्राधिकरण आले. रिकामी जमीन व्यापारी वापराला देणे हे त्याचे काम. बिल्डरला जागा मोजून देता येते, तर ट्रॅकमनच्या कुटुंबाला चार वाफे का नाहीत?

प्रशासन उद्या म्हणेल, भाजी घरची, मग महागाईची ओरड कशाला? ही चाल जुनी आहे. ग्रामीण डाक सेवकाला विचारा. चार-पाच तासांचे काम आणि उपजीविकेचे दुसरे साधन स्वतःचे असावे, ही अट! त्याची अर्धी भाकरी खात्याने त्याच्याच शेतावर ढकलली. म्हणून परसातल्या भाजीची किंमत वेतनाच्या हिशेबात कधीही धरली जाता कामा नये. तसेच हे सारे काम घरातल्या बाईच्या अंगावर पडणार असेल, तर त्याला चळवळ म्हणू नये. ड्यूटीवरून आलेल्या पुरुषालाही पाणी घालता येते.

शाखांनी येत्या पीएनएमसाठी तीन मागण्या लिहून द्याव्यात: वसाहतीत पाला जाळण्यास बंदी, वाफ्यांसाठी तपासलेले पाणी, आणि जागावाटपात कंत्राटी सफाई कामगारांच्या कुटुंबांनाही वाटा. शेवटच्या मागणीवर आपल्याच काही बांधवांची कुरकुर होईल. ती शाखेच्या सभेत उघडपणे व्हावी.