डाळ कुठनं आणू?

भवानी पेठेतल्या विडी कामगार बायकांना आम्ही सकस आहार शिकवायला गेलो. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगांची चटणी, हे त्यांना आमच्याहून चांगलं ठाऊक होतं. एकीने विचारलं, “ताई, डाळ कुठनं आणू?”

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख झाली. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून मोफत. पण डाळ-तेल त्या हक्कात नाही. ते हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून आणायचं. पुरलं नाही, तर शेवटी जेवणाऱ्या तिच्याच ताटात कमी पडतं.

१९७२-७३ मध्ये मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मैत्रिणींनो, आहाराचे धडे पुरेत. रेशनवर डाळ-तेल आणि विडीला वाढीव मजुरी, हे आता आपण मागू या.