एका ब्लॉकमध्ये एकच गाडी

शुक्रवारी ऑफिस सुटलं की लोक पार्टीला जातात. मी बाबांच्या घरी जाऊन टेबलाखाली आडवा होतो, हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन. हसू नका.

टेबलावर बाबांची रेल्वे आहे. एचओ स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक सत्त्याऐंशीांश. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. १९९८ मध्ये पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम सुरू झालं, ते बघून आल्यापासून बाबांच्या डोक्यात हा किडा. एका वर्तुळावर दोन गाड्या, एक दुसरीपेक्षा जरा तेज. मागची जवळ आली की बाबा बटण दाबून तिचा करंट तोडायचे. पण हल्ली त्यांचा उजवा हात थरथरतो. गेल्या दिवाळीत बटण चुकलं, धडक झाली आणि इंजिन थेट फरशीवर. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी लेआउटवर जुनी चादर होती.

म्हटलं, बटणच नको. वर्तुळाचे तीन ब्लॉक केले. एक रूळ कापायचा, फटीत प्लास्टिकचा तुकडा बसवायचा, प्रत्येक ब्लॉकला वेगळी वायर. पुढच्या ब्लॉकमध्ये गाडी असेल तर मागच्या ब्लॉकच्या शेवटच्या वीतभर रुळाचा करंट रिले तोडतो. इंजिन तिथे आलं की गपचूप उभं. ब्लॉक सगळ्यात लांब गाडीपेक्षा मोठा हवा आणि गाड्यांपेक्षा एक तरी जास्त. नाहीतर सगळ्याच एकमेकींची वाट बघत बसतील. (आमच्या टीमच्या मीटिंगसारख्या.)

पहिल्याच ट्रायलला पुन्हा धडक! दोन रात्री डोकं खाल्लं तेव्हा उलगडलं. माझं सर्किट गाडी ओळखत होतं मोटरने खाल्लेल्या करंटवरून. गाडी थांबली की करंट बंद, म्हणजे सर्किटच्या मते ब्लॉक रिकामा. थांबलेली गाडी चक्क अदृश्य!

खऱ्या रेल्वेत असं होत नाही. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या ट्रॅक सर्किटमध्ये गाडीची चाकं आणि आसच दोन रूळ जोडतात, रिले पडतो, सिग्नल लाल. गाडी उभी असो वा धावती. वायर तुटली तरी लालच. काय डोकं आहे!

मी शेवटच्या डब्याला धातूची चाकं लावली, आत छोटा दिवा बसवला. इंजिन बंद तुकड्यात उभं राहिलं तरी शेपूट चालू रुळावर असते, दिवा करंट खात राहतो.

रविवारी चादर मीच काढली. बाबा हात मागे बांधून उभे. मागची गाडी आली, थांबली. पुढची सरकली, ही निघाली. चाळीस मिनिटं ते तसेच बघत होते. मग म्हणाले, ‘‘कपाटात मालगाडी पडलीय. काढू?’’

म्हणजे चौथा ब्लॉक. या शुक्रवारीही मी टेबलाखालीच.